खालच्या दोन खोल्या

तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तळमजल्यावरच्या मावशी वारल्या. तिसऱ्या दिवशी घरमालक नेकनूरहून पहिल्या एसटीने बीडला आले. त्यांच्या पिशवीत नवं कुलूप होतं. मावशींची मुलगी दारात उभी होती. मालकांनी कुलूप बाहेर काढलं नाही, पण पिशवी तिला दिसेल अशी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "मग? कधी जायचं ठरवलं तुमी?"

"कुठं?" ती म्हणाली.

"तुमच्या घरी."

"हेच हाय की."

मालक थोडा वेळ बसले, पाणी प्यायले आणि कुलूप घेऊन परत गेले. मी तेव्हा जिन्यात होतो. पुढे जे दावे, जबाब आणि तारखा झाल्या, त्या सगळ्या एवढ्याच प्रश्नावर झाल्या: खालच्या दोन खोल्या हे त्या मुलीचं घर आहे की नाही.

घर दुमजली होतं. खालच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि लहानसं अंगण. वरचा मजला नंतर चढवलेला. त्यात आम्ही राहत होतो: मी, बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक होतो.

दोन्ही मजल्यांचा मालक एक, पण कायदे दोन होते. मावशींच्या नवऱ्याने, ते नगरपालिकेत कारकून असताना, मालकांच्या वडिलांकडून खोल्या घेतल्या तेव्हा मराठवाड्यात जुना हैदराबादचा घरभाडे कायदा लागू होता. २००० सालच्या मार्चअखेर सबंध महाराष्ट्रासाठी एकच भाडेनियंत्रण कायदा आला. जुने भाडेकरू त्यात भाडेकरूच राहिले. भाडं वर्षाला ठरावीक टक्क्यांपलीकडे वाढवता येत नाही, सबळ कारणाशिवाय काढता येत नाही, आणि भाडेकरू वारला तर त्याच्याजवळ राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. नवरा गेल्यावर मावशी अशाच भाडेकरू झाल्या होत्या. आम्ही आलो ते नव्या पद्धतीने, करारावर. त्या कराराच्या भाषेत आम्ही भाडेकरू नव्हतो. आम्हाला अकरा महिने राहण्याची परवानगी होती. मुदत संपल्यावर राहिलो तर दुप्पट भरायचं आणि तरीही निघायचं.

हा फरक रोज डोळ्यांसमोर असे. मावशींच्या भिंतीत खिळे होते. मोठे, हव्या त्या जागी ठोकलेले, काही रिकामे. आमच्या करारात खिळा ठोकू नये असं कलम होतं, म्हणून आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असे आणि वारा आला की महिना उलटा व्हायचा. मावशींच्या दाराला त्यांच्या आवडीचा मोरपंखी रंग होता. अंगणात त्यांनी लावलेलं लिंबाचं झाड होतं, त्याला बारमाही लिंबं यायची. ज्याला दरवर्षी निघायचं आहे तो लिंबाचं रोप लावत नाही. बायको कुंड्यांत तुळस आणि मोगरा लावायची आणि कुंडी विकत घेताना आधी उचलून बघायची, जिन्यातून नेता येईल का.

भाड्यातला फरक सांगण्यासारखा नाही. आमच्या घरात तो रोज सांगितला जाई.

"त्यांच्या घरात पाणी आधी येतं," बायको म्हणायची. "लाइट गेली तर त्यांच्याकडं गार असतं. आणि पैसे आपण भरायचे."

मलाही हेवा वाटत होता. बातम्यांत मी भाडेनियंत्रणाबद्दल लिहायचो तेव्हा दोन्ही बाजू समान शब्दांत देत असे. घरी जिना चढताना तो हिशोब जमत नसे. खालच्या दारातून फोडणीचा वास यायचा, मावशी आतून हाक मारायच्या, "आलास का रं?" आणि मी हो म्हणून वर जायचो. त्या दारावर त्यांच्या नवऱ्याचं नाव सिमेंटमध्ये कोरलेलं होतं. आमचं पुठ्ठ्यावर होतं.

मालकांचा हेवा आमच्यापेक्षा मोठा होता, आणि तो ते लपवत नसत. महिन्यातून एकदा यायचे, ओट्यावर बसायचे आणि त्या झाडाकडे बघत राहायचे.

"माझ्या जागेत माझं झाड न्हाई, हे बघा पत्रकार," ते म्हणायचे. "लिंबू पायजे तर मी मागून घेतो."

मावशी आतून चार लिंबं पाठवायच्या. ते घ्यायचे आणि पिशवीत टाकताना म्हणायचे, "लई रसाची हायेत."

कायदा बदलणार अशी बातमी दरवर्षी कुठून तरी यायची. दिल्लीहून नमुना कायदा आला तेव्हा मोबाइलवर फिरलं की जुने भाडेकरू आता निघणार. मालक कार्यालयात आले. "आला का तुमच्या टेबलावर?" मी सांगितलं की तो पुढच्या करारांसाठी आहे, जुन्यांना लागू नाही, आणि राज्याने आधी तो स्वीकारायला हवा. "म्हणजे माझ्यासाठी न्हाई," ते म्हणाले. "कोणता बी कायदा माझ्यासाठी का येत न्हाई?"

त्यांची एक भीती होती आणि तिला कारण होतं. त्यांच्या आजोबांची नेकनूरकडची जमीन कूळकायद्यात कुळाच्या नावावर गेली होती. ते कूळ आजही त्या शिवारात आहे. मालक लहानपणी त्याच बांधावरून शाळेत जायचे. त्यांच्या डोक्यात शेताचं कूळ आणि घराचा भाडेकरू एकच होते. शिवाय कोणाकडून तरी त्यांनी ऐकलं होतं की बारा वर्षं सलग राहिला की घर राहणाऱ्याचं होतं. मी त्यांना अनेकदा सांगितलं की शेताचा कायदा वेगळा, घराचा वेगळा. नोंदणी केलेला करार असेल तर बारा वर्षांची भीती नाही.

"तुमचा कायदा कागदावर," ते म्हणायचे. "ताबा चुलीवर. ज्याची चूल पेटली त्याचा ताबा."

म्हणून त्यांनी आपली एक रीत काढली होती. तिला ते घर मोडणं म्हणायचे. आमचा करार संपला की नवा करार व्हायच्या आधी एक रात्र वरचा मजला बंद राहायला हवा. कपाट, पलंग राहू दे, पण तीन गोष्टी बाहेर निघायला हव्यात: शेगडी, देव आणि अंथरूण. "या तीन वस्तू न्हाईत म्हंजे तिथं घर न्हाई." त्या दिवशी ते संध्याकाळच्या एसटीने यायचे, स्वतः प्रत्येक खोलीत फिरायचे, स्वयंपाकाच्या ओट्यावर हात फिरवून शेगडी निघाल्याची खात्री करायचे आणि स्वतःचं कुलूप लावायचे. रात्री जवळच्या पाली गावात मेहुण्याकडे मुक्काम. सकाळी यायचे, उंबऱ्यावर नारळ फोडायचे, मला चावी द्यायचे आणि म्हणायचे, "या, नव्यानं या." मग आम्ही शेगडी वर न्यायचो. करार सह्यांसह ऑनलाइन व्हायचा, पण त्यांच्या लेखी खरं काम नारळाने झालेलं असायचं.

त्या रात्री आम्ही मावशींकडे झोपायचो.

पहिल्या वर्षी मी लॉजचं ठरवलं होतं. मावशींनी ऐकलं आणि जिन्याच्या तळाशी येऊन वर बघत म्हणाल्या, "लॉजवर कावून? आमच्या दोन खोल्या हायेत की." मग तेच ठरून गेलं. बायकोने देव ताटात घेतले आणि खाली दारात थबकली. त्यांच्या समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली फळी. मावशी म्हणाल्या, "ठेव गं फळीवर. आमच्यात कोणी त्यांना काय म्हणत न्हाई. एक रात्रीचे पाव्हणे हायेत."

पुढच्या वर्षांत मावशींची मुलगीही तिथे होती. ती तलवाड्याला दिलेली. लग्न मोडलं आणि एका उन्हाळ्यात दोन पत्र्याच्या पेट्या आणि शिलाई मशीन घेऊन आईकडे आली. साड्यांना फॉल-बिडिंग, ब्लाऊज अशी कामं ती करायची आणि दुपारी एका खासगी दवाखान्यात केसपेपर काढायला जायची. आधारकार्ड आणि रेशनकार्डावर तलवाडाच राहिलं. घटस्फोटाचा निकाल लागल्याशिवाय तिथलं नाव कमी करू नको, असा तिला तिच्या वकिलाचा सल्ला होता. आम्ही तिला ताई म्हणायचो, ती बायकोला वहिनी.

त्या दोघींचं चांगलं होतं आणि दोघींना एकमेकींचा हेवा होता. ताई एकदा शेगडी वर पोहोचवताना म्हणाली, "वहिनी, तुमाला गच्ची हाय. माझे कपडे अंगणात वाळतात, वास येतो लिंबाचा." बायको रात्री मला म्हणाली, "कपड्यांना लिंबाचा वास येतो, ही तिची तक्रार."

आणखी एकदा, घर मोडण्याच्याच दिवशी, आमच्या गाद्या खालच्या खोलीत अंथरल्या होत्या आणि ताई उशांना अभ्रे घालत होती. बायको भिंतीकडे बघत होती. तिथे एकाखाली एक रिकामे खिळे होते.

"ताई, हे कशाला?"

"काय म्हाइत. पप्पांनी ठोकले."

"वापरत नाही तुम्ही?"

"न्हाई."

बायकोने आपली पर्स काढून एका खिळ्याला लावली. सकाळपर्यंत ती तिथेच होती.

मावशी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी मालक माझ्याकडे वर आले. एरवी ते वर चहा घेत नसत, त्या दिवशी घेतला.

"पत्रकार, खालचं तुमाला देतो," ते म्हणाले. "पाच वर्षांचा एकदमच करार करू. दरवर्षी शेगडी काढायला नको. झाड बी तुमचं."

"खाली ताई आहेत."

"ती तलवाड्याची हाय. कार्ड बघा तिचं. आई आजारी व्हती म्हणून आली, लेक येतीच. आता आई न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमी एवढंच सांगायचं, की अधूनमधून यायची."

बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. मालक गेल्यावर तिने विचारलं, "पाच वर्षं म्हणाले ना?"

"म्हणाले."

"खिळे ठोकू देतील?"

"ठोकलेलेच आहेत."

ती थोडं हसली, मग तिचं हसणं गेलं. "बघा हं," ती म्हणाली, "तिला आईमुळं मिळणार. आपल्याला मालकाच्या मर्जीनं. आपण एवढी वर्षं पैसे मोजले, दरवर्षी देव डोक्यावर घेऊन जिना उतरलो, आणि त्या घरावर हक्क तिचा. मी तिचं वाईट चिंतत नाही. पण मला सांगा, का?"

मी तिला कलम सांगितलं. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी जवळ राहणारा कुटुंबातला माणूस.

"कलम मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी का विचारलं."

दरम्यान ताईने दुसरी खोली बघायला सुरुवात केली होती. भांडायचं नाही असं तिने आधी ठरवलं होतं. तीन गल्ल्यांत ती फिरली. दोन ठिकाणी खोली आवडली, भाडंही ठरलं, आणि मग घरमालकाने आडनाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर एकाला अचानक भाचा शिकायला येणार असल्याचं आठवलं. दुसरीने सरळ सांगितलं, "आमच्या सासूबाईंना चालत न्हाई." तिसऱ्या ठिकाणी एकट्या बाईला देत नव्हते. हे तिने आमच्या जिन्यात उभं राहून सांगितलं, आवाज न चढवता, आणि शेवटी म्हणाली, "पप्पा सांगायचे, या मालकाच्या वडलांनी आडनाव विचारलं न्हवतं. पगार कधी होतो, तेवढंच विचारलं. म्हणून तर आमी इथून हाललोच न्हाई." त्यानंतर तिने खोली बघणं बंद केलं.

मग तिचा भाऊ पुण्याहून आला. तो कंपनीत होता, फ्लॅटचे हप्ते भरत होता. मालकांनी त्याला आधीच गाठलं होतं. वारस म्हणून तो ताबा सोडायला तयार आहे, असं त्याच्याकडून लिहून घेतलेलं होतं. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. मावशींजवळ राहणारं कोणी नसेल तर वारसाचा विचार होणार, आणि वारस सोडायला तयार. कोणी राहत असेल तर भावाच्या सहीचा उपयोग नाही. म्हणजे ताई तिथे राहत होती का, एवढंच.

भाऊबहीण अंगणात बोलले. आम्हाला वर सगळं ऐकू येत होतं.

"तू सही कावून केलीस?"

"मला काय करायचंय या खोल्यांचं?"

"मला करायचंय."

"तुला सगळंच करायचंय," तो म्हणाला. "आई तुझ्याकडंच राहिली."

"आई माझ्याकडं? मी आईकडं राहिले."

"तेच म्हणतो मी. मी दिवाळीला यायचो तर आई तुलाच विचारायची, ह्याला काय करू जेवायला. मला विचारायची न्हाई. पाव्हणा असल्यागत."

तो त्याच संध्याकाळच्या गाडीने गेला. जाताना पिशवीत लिंबं होती. ती ताईने दिली की त्याने तोडली, हे मला माहीत नाही.

दावा दाखल झाला. मालकांच्या वकिलांनी साक्षीदारांत माझं नाव घातलं होतं. त्यांनी मला बोलावलं तेव्हा मी त्यांना सांगितलं की ताई आल्यापासून, आमचा करार संपल्यावरच्या प्रत्येक बंद रात्री, ती खालच्या घरात होती. तिचं मशीन, पेट्या, कपडे तिथे होते. एरवीही ती रोज सकाळी तिथूनच निघायची. वकिलांनी लिहिणं थांबवलं. "हे तुम्ही मालकांना सांगितलंय?"

"त्यांना माहीत आहे."

"त्यांना माहीत आहे म्हणजे काय? त्यांनी मला सांगितलं नाही."

त्यांनी माझं नाव यादीतून काढलं. महिनाभराने ताईच्या वकिलांनी मला साक्षीचं समन्स पाठवलं. गल्लीतून दुसरं कोणी साक्षीला आलं नाही. शेजारच्या तिघांनीही भाडेकरू ठेवलेले होते. त्यांच्यातला एक मला पानटपरीवर म्हणाला, "तुमी द्या साक्ष, तुमचं काय, घर कुठंय तुमाला."

मालकांची साक्ष आधी झाली. मी त्या दिवशी न्यायालयात होतो, पण आत नव्हतो. साक्षीदाराला बसू देत नाहीत. पुढचं जे आहे ते साक्षीच्या नकलेतलं आणि मालकांनी त्याच दुपारी बाहेर मला सांगितलेलं आहे. दोन्ही जुळतात.

उलटतपासात ताईच्या वकिलांनी त्यांना वरच्या मजल्याबद्दल विचारलं. करार संपल्यावर तुम्ही ताबा परत घेता का? मालकांना हा प्रश्न आवडला. त्यांनी घर मोडण्याची सगळी रीत क्रमाने सांगितली: शेगडी, देव, अंथरूण, कुलूप, नारळ. आपण किती खबरदार आहोत, कोणाचा ताबा आपण पिकू देत नाही, हे त्यांना न्यायाधीशांना दाखवायचं होतं. ते म्हणाले, "मी नुसतं कुलूप लावत न्हाई साहेब. घर रिकामं दाखवल्याशिवाय लावत न्हाई. पंच लागतो."

"पंच कोण असायचं?"

हे मलाही खरं तर माहीत होतं, पण त्याचा असा विचार मी केला नव्हता. मावशींचे गुडघे गेलेले होते, त्या जिना चढत नसत. ताई आल्यापासून मालक दरवर्षी खाली हाक मारायचे आणि ती वर यायची, चारही कोपरे बघायची, "न्हाई काय," म्हणायची, मग कुलूप लागायचं. सकाळी नारळ फोडतानाही तीच असायची. खोबऱ्याचा पहिला तुकडा पंचाचा.

नकलेत उत्तर असं आहे: "पंच म्हणून दरवर्षी प्रतिवादी हजर असायच्या. दुसरं कोणी तिथे राहत नव्हतं."

न्यायालयाबाहेर चहाच्या गाड्यावर मालक खुशीत होते. वकील जवळ उभे होते. त्यांनी चहा घेतला नाही.

"तिचा वकील येडा हाय, पत्रकार," मालक म्हणाले. "मलाच इचारतो, पंच कोण. मी म्हणलं, हीच की, दुसरं कोण राहतं तिथं? गप बसला. एक प्रश्न इचारला न्हाई पुढं."

वकील म्हणाले, "चला, मालक."

"चहा घ्या की. कावून तोंड पाडलंय?"

वकिलांनी त्यांना बाजूला नेलं. मी गाड्यापाशीच उभा होतो. मालकांनी ऐकत असताना एकदाच माझ्याकडे वळून बघितलं. मग ते ताई उभी होती तिकडे बघायला लागले. ती व्हरांड्यात दवाखान्याच्या साडीतच आली होती, कारण दुपारी तिला कामावर जायचं होतं.

माझी साक्ष पुढच्या तारखेला झाली. मी आधी वकिलांना सांगितलं होतं तेच सांगितलं. मालकांच्या वकिलांनी विचारलं की खालच्या खोल्या मालकांनी मला देऊ केल्या होत्या, हे खरं आहे का. मी हो म्हणालो. त्या मला हव्या होत्या का. मी हो म्हणालो. मग आता त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्याचं कारण काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो की मला जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. हेही नकलेत आहे.

घरी बायकोने विचारलं, "हव्या होत्या असं म्हणालात?"

"म्हणालो."

"भरल्या कोर्टात?"

"हो."

"बरं केलंत," ती म्हणाली. "निदान एका ठिकाणी लिहिलं तरी गेलं."

निकाल गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी लागला. मावशींच्या मृत्यूच्या वेळी मुलगी त्यांच्यासोबत राहत होती, हे वादीच्या स्वतःच्या साक्षीतून सिद्ध होतं. ती भाडेकरू आहे. ताबा मिळणार नाही. ताईने पेढ्यांचा पुडा आणला. बायकोने दोन पेढे घेतले, एक मुलींसाठी ठेवला, एक स्वतः खाल्ला आणि म्हणाली, "छान झालं, ताई." ती खाली गेल्यावर बायको बराच वेळ खिडकीच्या गजाशी उभी राहून कॅलेंडरची सुतळी सोडत होती. महिना बदलायचा नव्हता.

आमचा करार त्यानंतर संपला. मालक संध्याकाळच्या एसटीने आले, खोल्यांतून फिरले. या वेळी त्यांनी कपाट आणि पलंगही काढायला सांगितलं. पंच बोलावला नाही. ताई जिन्याच्या खालच्या पायरीवर आली होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "तुमी राहू द्या." कुलूप लावून ते मला म्हणाले, "पत्रकार, तुमच्यावर राग न्हाई माझा. पण मला बी कोणीतरी पायजे का न्हाई, माझ्या बाजूनं बोलणारं?" सकाळी नारळ फुटला नाही. आम्ही ती रात्र खालीच होतो, मग सामान टेम्पोने नवीन घरी नेलं. ताईने बायकोला एक पिशवी लिंबं दिली.

नवीन घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. खिळ्यांचं कलम आहे. घर मोडण्याची रीत इथल्या मालकाला माहीत नाही.

बायको बाजारातून येताना जुन्या गल्लीतून येते, लांब पडलं तरी. वरच्या मजल्याला कुलूप आहे, पण गच्चीचा जिना बाहेरून आहे. तिथे आता खालच्या घरातले कपडे वाळत असतात. हे तिने मला सांगितलं आणि मी जाऊन बघितलं.

मालकांनी जिल्हा न्यायालयात अपील केलं आहे. ते दाखल झालं आहे. सुनावणीची तारीख लागलेली नाही.